पटावर लेकरं पाहिजेत

रोज त्याच गाडीतून, त्याच तीन माणसांनी, त्याच रस्त्याने जायचं म्हटलं की बोलायला नवीन काही उरत नसेल, असं लोकांना वाटतं. आमचं उलट आहे. गव्हाणे सरांच्या जुन्या व्हॅनमध्ये बसलं आणि जालना मागे पडलं, की बदनापूर यायच्या आत एखादा तरी किस्सा निघतोच. कोणी ठरवून सांगत नाही. एकाला काही आठवतं, दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही, माझं ऐका," आणि किस्से साचत जातात. मागच्या सीटखाली शेंगांची टरफलंही अशीच साचली आहेत. गाडी झाडून काढायचं सर दर रविवारी ठरवतात.

आधी माणसं सांगते. मी खापरवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका. गावात मला मोठ्या बाई म्हणतात. मी वयाने मोठी आणि अंगानेही, त्यामुळे नाव दोन्हीकडून बसलं. शाळेत माझ्याबरोबर दुसरी शिक्षिका एकच, रूपाली मॅडम. तिशीची, चुणचुणीत, लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही. गव्हाणे सर शेजारच्या गावच्या शाळेत आहेत. गाडी त्यांची, त्यामुळे रेडिओवर काय लागणार हेही तेच ठरवतात.

आता आमची काळजी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. शाळेत जितकी मुलं, त्याला आम्ही पट म्हणतो. पट एका ठरावीक आकड्याच्या खाली घसरला की दोन शिक्षकांतला एक 'अतिरिक्त' ठरतो. शेवटी आलेला आधी जातो, म्हणजे आमच्याकडे रूपाली. तिला जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला टाकतील सांगता येत नाही. त्यानंतरही पट घसरत राहिला तर शाळेलाच कुलूप, आणि मुलं शेजारच्या गावात. आम्ही काही वर्षं त्या आकड्याच्या अगदी काठावर आहोत. एखादं घर पुण्याला निघालं की आम्ही बोटांवर पट मोजायला लागतो.

त्यामुळे गावात पाऊल टाकलं की आमचं पहिलं लक्ष जातं ते कोणाकडे गोड बातमी आहे का याकडे. शिक्षकांना हे शोभत नाही, मला माहीत आहे. पण लेकरंच जन्माला यायची कमी झाली तर आम्ही शिकवायचं कोणाला?

*

एकदा सकाळी फाट्यावर आम्हाला एक टेम्पो दिसला. मागे नवा कोरा लाकडी पाळणा, दोरीने बांधलेला. टेम्पो गव्हाणे सरांच्या शाळेच्या गावाकडे वळला. आम्हाला खापरवाडीला सोडायचं होतं, पण सरांनी गाडी सरळ टेम्पोमागे घातली.

मी म्हटलं, "अहो, उशीर होईल."

"बाई, उशिराचं कारण देता येतं," सर म्हणाले, "पटाचं देता येत नाही."

टेम्पो थांबला तो देवळासमोर. रामनवमी तोंडावर आली होती, देवळातल्या जुन्या पाळण्याला वाळवी लागलेली, म्हणून गावाने वर्गणी करून नवा आणला होता. तोपर्यंत सर गाडीतून उतरून, खिशातलं पेन काढून तयार! हल्ली आधार कार्ड नसलं तर समोर बसलेलं मूलसुद्धा ऑनलाइन पटात धरत नाहीत, हे आता गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालंय. पुजारीबाबांनी आधी पेनाकडे बघितलं, मग पाळण्याकडे.

"सर, जन्म रामाचा हाय," ते म्हणाले. "घाला पटावर, आमचं काही म्हणनं न्हाई. आधार कार्ड तेवढं तुमी काढा."

*

महिन्यातून एकदा बदनापूरला आमच्या केंद्राची मीटिंग असते. आजूबाजूच्या गावांचे सगळे शिक्षक एका वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात, आणि समोर टेबलाशी केंद्रप्रमुख साहेब. वर्गात टेबलफॅन एकच. त्याची मान फिरायची कधीच बंद पडली आहे, आणि बंद पडली तेव्हा तोंड साहेबांकडे होतं. तेव्हापासून वारा साहेबांना आणि घाम आम्हाला. रूपाली नवीन असताना तिने भाबडेपणाने विचारलं की पंखा दुरुस्त करून आणू का. साहेब म्हणाले, तरतूद नाही.

"राहू द्या मॅडम," गव्हाणे सर तिच्या कानात म्हणाले, "आपल्या सगळ्यांत तो एकटाच पर्मनंट आहे."

त्याच मीटिंगमध्ये साहेबांनी पट का घसरतो म्हणून एकेकाला उभं केलं. कोणी इंग्रजी शाळांचं सांगितलं, कोणी ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. सरांनी उभं राहून खरं ते सांगितलं, की साहेब, लोकांना लेकरंच होत नाहीत. म्हणजे लोक होऊ देत नाहीत. कशाचा भरवसा नाही म्हणतात.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मग तुम्ही काय उपाययोजना केली?"

सर अतिशय नम्रपणे म्हणाले, "साहेब, मला दोन आहेत. नोकरीच्या नियमात तेवढीच बसतात."

*

खापरवाडीत बऱ्याच काळाने एक बारसं निघालं. गणेशच्या घरी, पहिला मुलगा. आम्ही तिघंही गेलो. मी अंगडं-टोपडं नेलं, रूपालीने खुळखुळा नेला. गव्हाणे सरांनी मात्र पाटी आणि पेन्सिलीचा डबा नेला. सर दुसऱ्या शाळेचे, पण आमच्या पटासाठी त्यांचा जीव तुटतो. पाटीवर शाळेचं नाव सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं आणि बाळाच्या नावासाठी जागा सोडली होती. बारा दिवसांच्या पोराच्या उशाशी ती पाटी ठेवली तेव्हा बायका पदराआड हसत होत्या.

इतक्यात बाहेर पिवळी गाडी थांबली. इंग्रजी शाळेची! त्यांचा माणूस फुगे घेऊन आत आला आणि त्याने पाळण्यात काय ठेवलं असेल? एवढासा लाल टाय, मागे इलॅस्टिक लावलेला.

सगळे गणेशकडे बघायला लागले. गणेश पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटावर आहे. कंत्राट तीन-तीन महिन्यांनी वाढतं, किंवा वाढत नाही. त्याने पाटीही उचलली नाही आणि टायही.

"दोनी राहू द्या," तो म्हणाला. "कंत्राट वाढलं तर टाय. तुटलं तर हितंच यावं लागतंय, मंग पाटी."

मी विचारलं, "आणि वाढलंही नाही, तुटलंही नाही, असंच लोंबकळत राहिलं तर?"

"तसंच तर चालू हाय, बाई. म्हणून तर एवढ्या एकावर थांबायचं ठरवलं."

त्याची आई पाळणा हलवत होती. तिचा हात थांबला. तिला हे बहुतेक तेव्हाच कळलं.

*

भास्करराव म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. दोन मुली, दोघी आमच्याच शाळेत. भास्कररावांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं. तिसरं मूल झालं तर उमेदवारी अर्जच बाद होतो, तो नियमच आहे. आणि त्यांच्या बायकोला, मंगलला, तिसरं लेकरू हवं होतं. मुलगा म्हणून नाही हं. तिला लेकरंच आवडतात. शाळेत आली की पहिलीतल्या कोणाचं तरी नाक पुसल्याशिवाय ती जायची नाही.

भास्करराव म्हणाले, एवढी निवडणूक होऊ दे. निवडणूक पुढे गेली. मग कोर्टाची तारीख, मग गणांची, म्हणजे मतदारसंघांची, नवी रचना, मग पुन्हा तारीख. वर्षं जात राहिली. फाट्यावर भास्कररावांचं बॅनर लागलेलं होतं, हात जोडलेला फोटो आणि खाली 'भावी सभापती'. उन्हाने आधी फोटोतले गाल गेले, मग मिशा गेल्या. 'भावी' तेवढं ठळक राहिलं.

मी एकदा मंगलला सहज विचारलं, कारण खोटं कशाला बोलू, तिसरं झालं असतं तर आम्हालाही पटावर हवंच होतं.

"काय सांगू बाई," मंगल म्हणाली, "आमच्या ह्यांचं समदंच भावी हाय. सभापती बी भावी अन् लेकरू बी भावी."

शेवटी जागांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि त्यांच्या गणाची जागा भलत्याच प्रवर्गाला गेली. भास्करराव काही दिवस घराबाहेरच पडले नाहीत. मंगलने बॅनर उतरवलं आणि सोयाबीनच्या गंजीवर झाकलं. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने चहा केला, आणि आता चाळिशी आली बाई, एवढंच म्हणाली. तो चहा मला काही गोड लागला नाही.

*

बदनापूरच्या बाजारात शांतीशेठचं कापडाचं दुकान आहे. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. आता शेठ आमच्यापेक्षा पक्कं मराठवाडी बोलतात. त्यांच्या वडिलांनी कधीतरी आमच्या शाळेला शब्द दिला होता, की दरवर्षी पहिलीच्या मुलांना दहा ड्रेस दुकानातर्फे. वडील गेले, शब्द शेठ पाळतात.

गेल्या जूनमध्ये मी सांगितलं, शेठ, यंदा पहिलीत दोनच आहेत. दोघी मुली.

शेठ म्हणाले, "बाप्पूनं दहा बोलेल हाय. मी कमी करनार न्हाई."

आणि खरंच दहा आले! दोघींना पाच-पाच. पोरी आठवडाभर रोज कडक इस्त्रीचा नवा ड्रेस घालून यायच्या, आणि दुसरीतली मुलं त्यांच्याकडे मंत्री आल्यासारखी बघायची. मला हसू यायचं, आणि लगेच जायचंही. दोन मुलींच्या अंगावर मी दहा मुलांचे कपडे बघत होते.

आभार मानायला दुकानात गेले तेव्हा शेठनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. झबली, टोपडी, दुपटी, सगळी प्लास्टिकमध्ये. "बाई, पहिले लगीनसराई झाली की पुढच्या साली बराबर ह्या फळीवर हात जायचा," ते म्हणाले. "आता लग्नं होतेत, फळी तशीच. शालू एका दिवसात पसंत करतेत लोकं. लेकराचं इचारलं की 'बघू' म्हनतेत."

शेठचा मुलगा-सून हैदराबादला असतात. मी विचारलं, "आणि तुमच्या सूनबाई?"

शेठनी उघडलेल्या कापडाची पुन्हा नीट घडी घातली.

"बघू म्हनते," ते म्हणाले.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण गाडीत सगळ्यात जास्त वेळा तोच निघतो.

आम्ही तिघं एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला अंबड तालुक्यात निघालो होतो, अंतरवाली सराटीच्या पुढे. वाटेत आरक्षणासाठी रास्ता रोको. गाड्यांची ही रांग! आमच्या पुढे एक रिक्षा अडकली होती. आत एक बाई, पोट धरून वाकलेली, आणि तिची आई रिक्षावाल्याला शिव्या देत होती. त्या दिवशी अँब्युलन्स सोडत होते, पण ही रिक्षा होती. रस्ता अडवणाऱ्या पोरांमध्ये वाद सुरू झाला, एकाला सोडलं तर सगळेच घुसतील म्हणून.

गर्दीतून एकजण पुढे आला आणि रस्त्यावरचे दगड स्वतःच बाजूला करायला लागला.

"जाऊ द्या तिला जल्दी," तो बाकीच्यांना म्हणाला. "आपण हे समदं कोणासाठी करून राह्यलो मंग?"

रिक्षा गेली. तो वळला तेव्हा मी ओळखलं. दत्ता! मी आधी अंबडकडे होते तेव्हाचा माझा विद्यार्थी. त्यानेही मला ओळखलं, धुळीच्या हातांनी पाया पडला. तिशी ओलांडलेली, कानशिलावर पांढरे केस. मी आपलं मास्तरकीच्या सवयीने विचारलं, किती लेकरं रे तुला?

"लग्न न्हाई झालं, बाई," दत्ता म्हणाला. "आधी आरक्षणाच्या कागदाचं होऊ द्या. मंग भरतीचं. मंग बघू मपलं लग्नाचं."

तो परत जाऊन रस्त्यावर बसला. रूपाली मात्र रिक्षा गेली त्या बाजूला बघत होती. लग्नात ती जेवलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

*

लोकांच्या घरात डोकावणाऱ्या माणसाचं स्वतःच्या घराचा विषयही कधी ना कधी निघतोच. माझा मुलगा अनिकेत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सूनही नोकरी करते. एकदा गाडीत त्याचा फोन आला आणि माझा हात स्पीकरवर पडला. बंद करता आला असता, पण माझा चष्मा पर्समध्ये होता.

मी त्याला तेच विचारलं जे दर रविवारी विचारते. तो तेच म्हणाला जे दर रविवारी म्हणतो. कंपनीत माणसं कमी करतायत, थोडं सेटल होऊ दे.

मी चिडले. म्हटलं, "तू झालास तेव्हा तुझ्या बाबांची नोकरी टेंपररी होती. आम्ही कुठं सेटल होतो?"

"तेव्हा पुढचं काही कळायचं नाही ना आई," अनिकेत म्हणाला, "म्हणून तुम्हाला जमलं. आम्हाला रोज सकाळी मोबाइलवर कळतं."

फोन ठेवला. मला नातवंड हवंय, आणि ते मागायला माझ्याकडे एकही धड कारण नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. कोणती आजी मुलाला सांगू शकते, की घाबरू नकोस, पुढे सगळं ठीक असेल? मला कुठं माहीत आहे?

दुधना नदीचा पूल आला तसा गव्हाणे सरांनी गाडीचा वेग कमी केला. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "मोठ्या बाई, आधी तुमच्या घरचा पट सुधारा."

मी हसले. हसले नसते तर रडले असते, आणि रूपालीसमोर मला रडायचं नव्हतं.

*

रूपालीच्या सासूबाई तीर्थपुरीला असतात. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या एकट्याच एसटीने येऊन शाळेत हजर. पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा माझ्या टेबलावर ओतल्या आणि समोर बसल्या. रूपाली वर्गात होती.

मला वाटलं, सुनेची तक्रार असेल. तशी नव्हती. सून गुणाची आहे, मुलाचं आणि तिचं पटतं, डॉक्टरांनीही दोघांत काही दोष नाही म्हणून सांगितलंय. फक्त दोघं थांबलेत. मुलगा योगेश जालन्याला सळईच्या कारखान्यात आहे. तिथे कधी तीन पाळ्या चालतात, कधी एक. इकडे सुनेचं आज इथे, उद्या कुठे.

"मी काय म्हनते," सासूबाई पुढे सरकून म्हणाल्या. "तुमी हेडमास्तरीन. तुमच्या सही-शिक्क्याबिगर ही एका दिसाची सुट्टी बी घेत न्हाई. तर तुमीच हिला एक आर्डर काढा."

"कशाची?"

"लेकराची!"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. दारात बघते तर रूपाली उभी, हातात खडू. सगळं ऐकलेलं. सासूबाईंचं तिकडे लक्षच नाही. त्या माझ्या टेबलावर शिक्का कुठं आहे ते शोधत होत्या.

परत जाताना गव्हाणे सरांना सांगितलं तर ते इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. रूपालीही हसली. मग हसू ओसरल्यावर खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बाई, काढायचीच तर दोन काढा. एक लेकराची. दुसरी, मला इथून कोणी हलवणार नाही म्हणून."

सरांनी रेडिओ बंद केला.

"पार मंठ्याकडं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला टाकलं तर कसं करू, बाई? भाड्याच्या खोलीत तान्हं कोणाकडं ठेवू? योगेशचं काम सुटलं तर माझ्या पगारावर सगळे. अन् गावागावात जाऊन मीच बायांना विचारते, दुसऱ्या लेकराचं काय ठरवलं म्हणून. मला लाज वाटते."

मला तिला धीर द्यायचा होता. मी मुख्याध्यापिका आहे, माझ्याकडे शिक्का आहे. पण दुसरी ऑर्डर काढणारं माणूस कोण आहे, कुठं बसतं, ते आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं. घर येईपर्यंत आम्ही शेंगा खात राहिलो.

*

आणि हा परवाचा.

केंद्राची मीटिंग. ऊन असं की बाकाला हात लावला तर चटका बसावा. साहेब नेहमीप्रमाणे पंख्यासमोर. विषय एकच, कोणत्या गावची शाळा ठेवायची आणि कोणती शेजारच्या शाळेला जोडायची. त्यासाठी वरून विचारणा आली होती, की पुढच्या सहा वर्षांत दरवर्षी पहिलीला किती मुलं येणार. म्हणजे आज गावात असलेली सगळी लहान मुलं, आणि पोटात असतील तीही धरायची.

साहेबांनी खापरवाडीचं नाव घेतलं. मी उठणार, तेवढ्यात रूपाली उठली. मला बरंच वाटलं, कारण गावातलं घर न् घर तिला ठाऊक.

"पुढच्या वर्षी?" साहेबांनी विचारलं.

"दोन."

"त्याच्या पुढं?"

"एक. पण ते लोक पुण्याला जायचं म्हणतात."

"त्याच्या पुढं?"

"कोणी नाही."

"चौथ्या वर्षी?"

"नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. आमची शाळा कुठल्या बाजूला चालली आहे ते मला दिसत होतं.

"पाचव्या?"

"एक. गणेशचा मुलगा. पण त्याचं नक्की नाही."

"आणि सहाव्या? त्यातही शून्यच धरू ना?"

"नाही साहेब. एक धरा."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. गावात कोणाला दिवस गेलेले नाहीत. अंगणवाडीच्या ताईंकडे मी आदल्याच दिवशी विचारलं होतं. आकडा फुगवून सांगायची रूपालीला सवय नाही, आणि सापडली तर नोकरीवर बेतायचं. मी तिची ओढणी ओढली. तिने ती हळूच सोडवून घेतली.

साहेबांनाही शंका आली असावी. त्यांनी पेन रोखलं. "आईचं नाव सांगा."

"रूपाली योगेश काकडे," रूपाली म्हणाली.

अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. ती खाली बसली नाही.

"लेकरू मी आणते, साहेब. आमच्याच शाळेत घालते, लिहून घ्या. आता तुम्ही सांगा. तोपर्यंत शाळा असेल का?"

साहेबांनी समोरच्या कागदाकडे बघितलं. कागद उलटून मागची बाजू बघितली.

मागच्या बाकावरून गव्हाणे सर उठले. टेबलाजवळ गेले, चालू पंखा दोन्ही हातांनी उचलला, आणि साहेबांकडचं तोंड फिरवून रूपालीकडे करून ठेवला.